ढालीवरची कोरी पट्टी

माजिवड्याच्या त्या हॉलमध्ये वीज गेली आणि आठशे माणसांपैकी कुणाला पत्ताही लागला नाही. छतावरचे दिवे क्षणभर मंद झाले, मागे कुठेतरी जनरेटर घरघरला, आणि स्टेजवरची दहा मुलं कानाला हेडफोन लावून खेळतच राहिली. स्वानंद मात्र खुर्चीतून अर्धा उठला होता. एकोणीस वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती.

तो आला होता भाचीचा सामना बघायला. क्षिप्रा सतरा वर्षांची, आणि गेमिंगमध्ये पार बुडालेली. रिक्षात तिनं मामाला सगळं समजावून सांगितलं होतं. आधी ऑनलाइन पात्रता फेरी, मग विभागीय, मग लीग, आणि गुणतक्त्यात वरच्या आठांत आलात तर हा हॉल. "सर्किट म्हणतात त्याला, मामा. वर्षभर पॉइंट्स गोळा करायचे." स्वानंदनं मान डोलावली. तिच्या जन्माआधी मामानं स्वतःच्या हातानं एक सर्किट आखलं होतं, हे त्या पोरीला सांगणार कोण? आणि सांगितलं तरी ते शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आखलेलं होतं, हे ऐकून तिनं काय केलं असतं?

दोन हजार सहा साल. ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि आंबिवली अशी चार गावांतली चार सायबर कॅफे, आणि 'काउंटर' हा बंदुकबाजीचा कॉम्प्युटर गेम खेळणारी पन्नासेक पोरं. दर रविवारी एका कॅफेत सामने. कुठल्या रविवारी कुठे, हे ठरवायचं पेपरातल्या लोडशेडिंगच्या वेळापत्रकावरून! ते कात्रण स्वानंद पाकिटात ठेवायचा. कल्याणला दुपारी वीज जाणार म्हटलं की सगळी वरात आंबिवलीला. आंबिवलीच्या कॅफेत कॉम्प्युटर मोजून दहा, त्यातल्या एकाचा माउस रुसलेला, तो यजमान संघानं घ्यायचा असा नियम होता. आजच्या सर्किटला नियमांचं शंभर पानी पुस्तक आहे म्हणे, पण इतका दिलदार नियम त्यात असेल असं वाटत नाही.

बक्षीस म्हणजे फिरती ढाल. ही कल्पना डोंबिवलीच्या कॅफेचे मालक शिवरामकाका यांची, कबड्डी मंडळांकडून उचललेली. लाकडी ढाल आणि तिच्यावर पितळी पट्ट्या. जिंकणाऱ्यानं वर्षभर घरी ठेवायची, स्वतःच्या नावाची पट्टी कोरून घ्यायची आणि पुढच्या वर्षी परत आणायची. दोन हजार पाचची पट्टी स्वानंदच्या डोंबिवली वॉरियर्सची होती.

सहा सालची फायनल शिवरामकाकांकडेच, आंबिवली किलर्सविरुद्ध. त्यांचा कप्तान पोपट. खेळ असा, की बघणाऱ्यांनी श्वास रोखावा. पण उपांत्य सामन्यात कुणीतरी भांडण उकरून काढलं, पाऊण तास वाया गेला आणि वेळापत्रकाचं गणित फिसकटलं. पंधरा-पंधरा अशी बरोबरी झाली, निर्णायक फेरी सुरू झाली. एकेक करत सगळे मेले, इकडून स्वानंद उरला, तिकडून पोपट. दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना. आणि वीज गेली.

"पुढच्या रविवारी फक्त ही फेरी," शिवरामकाकांनी अंधारातच निकाल दिला. "तोवर ढाल जुन्या विजेत्याकडे."

स्वानंद ढाल घेऊन घरी आला. दारातच अण्णा, त्याचे वडील. ठाण्याच्या कोर्टात कारकुनी केलेले, तरुणपणी खो-खो गाजवलेले. पोराच्या या 'टकटकी'विषयी त्यांनी कधी चकार शब्द विचारला नव्हता. त्या दिवशी मात्र ढालीकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. "यंदाही तुम्हीच?"

"हो," स्वानंद म्हणाला.

एवढंच. एक 'हो'. आणि पुढच्या रविवारी ते खरं करून दाखवायची संधी होती, तर त्याच दिवशी एका कंपनीनं ठाण्याच्या मॉलमध्ये मोठी स्पर्धा ठेवली. चकचकीत पोस्टर, एसी, कॉम्प्युटर नवेकोरे. वॉरियर्स तिकडे पळाले. पहिल्याच फेरीत आपटले, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर पुठ्ठ्यावरचं सर्किट कधी भरलंच नाही. मॉलवाली कंपनी तीन वर्षांत गुंडाळली गेली. दुसरी आली, तिनं नाव बदललं, मग तीही गेली. मग खेळ मोबाइलवर आला आणि कॅफेंत झेरॉक्सची मशिनं बसली. आता हे लीग, करार, प्रशिक्षक आणि घरबसल्या बघणारे लाखभर प्रेक्षक. चांगलंच आहे की. फक्त ढाल परत न्यायला जागा उरली नाही, आणि ती डोंबिवलीच्या घरी हॉलमध्ये खिळ्याला राहिली.

अण्णांनी सहा सालची पट्टी लगेच करून आणली होती. तिच्यावर '२००६ – विजेते' एवढंच होतं आणि पुढची जागा कोरी. "तुमच्या संघाचं नाव इंग्रजी, गेल्या वर्षीसारखं चुकायला नको. नंतर घालू," ते म्हणाले होते. दर दसऱ्याला ते ढाल उतरवत, पितांबरीनं लख्ख घासत, झेंडूचं फूल वाहत, आणि विचारत, "स्वानंद, नाव घालायचं राहिलंय रे. घालू या का यंदा?"

"बघू," स्वानंद म्हणायचा आणि तिथून सटकायचा. असं पंधरा दसरे चाललं. सोळाव्याला अण्णा नव्हते.

आता माजिवड्याच्या हॉलमधला दिवा लुकलुकला तसा स्वानंदला राहवेना. क्षिप्राचा सामना अजून अर्ध्या तासावर होता. तो मागच्या दारानं आवारात गेला. हिरव्या रंगाचा भलामोठा जनरेटर धडधडत होता आणि शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर एक जाडगेला माणूस मीटरकडे डोळे लावून बसला होता. केस पिकलेले, पण डावी भुवई तुटकी ती तशीच.

"पोपट?"

माणसानं वर बघितलं. "आयला! वॉरियर?"

मग काय, मिठ्या मारून झाल्या. पोपट आता अशा कार्यक्रमांना जनरेटर पुरवायचा. "त्या दिवशी लाइट गेली ना, तेव्हाच डोक्यात बसलं माझ्या," तो हसत म्हणाला. "अख्ख्या सर्किटला मीच देतो आता. आपल्या हातून एक पण मॅच बंद नाय पडली."

स्वानंदही हसला. "पोपट, त्या रविवारी आम्ही..."

"मॉलला गेलेलात. माहितीय. मी आलेलो ना शिवरामकाकाकडे. पाचही जण आलेलो. चार वाजेपर्यंत बसलो."

स्वानंदला त्याच्याकडे बघवेना.

"आणि तुझे वडील आलेले."

"काय?"

"अरे, धोतर, काळी टोपी, हातात पितळेची पट्टी. काकाला विचारत होते, संघाचं स्पेलिंग काय. काका बोलले, फायनल झालीच नाय, हे पोरं त्यासाठीच थांबलेत. अण्णा बसले मग आमच्यासोबत. सगळ्यांना वडापाव खिलवला. मला बोलले, तो येईल बघ. आज नाही आला तर पुढे येईल, मी नावाची जागा मोकळी ठेवतो."

जनरेटर धडधडत होता. स्वानंदनं भिंतीला हात टेकला. म्हणजे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सगळं कळलं होतं! आणि त्या माणसानं पंधरा वर्षं एकदाही खोटं पकडलं नाही. फक्त दरवर्षी दार उघडून उभा राहिला, आणि आपण दरवर्षी 'बघू' म्हणून सटकलो. चाळिशीला टेकलेला स्वानंद आवारात उभ्याउभ्या रडला. पोपट मीटरकडे बघत राहिला, त्याला समज होती.

"नंतर मोबाइल नंबर बदलले, राहून गेलं," थोड्या वेळानं पोपट म्हणाला. "आत पन्नास मशिनं आहेत, बोल. आत्ता खेळून टाकू ती फेरी."

पण त्या यंत्रांवर जुना काउंटर नव्हता. त्यांना खातं हवं, पासवर्ड हवा, वर आयोजकांची परवानगी हवी. आणि खरं तर त्याची गरजही नव्हती.

"फेरी कसली?" स्वानंद नाक पुसत म्हणाला. "तुम्ही आलात, आम्ही आलो नाही. अण्णांच्या खो-खोत याला पुढे चाल म्हणतात. ढाल तुमची आहे."

क्षिप्राचा संघ त्या दिवशी हरला. परतताना रिक्षात, नेहमी कोपरखळ्या मारणारा मामा डोळे का पुसतोय, हे तिला कळेना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्वानंद स्टेशनजवळच्या कोरणाऱ्याकडे पट्टी घेऊन गेला. नाव ऐकून त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

दसऱ्याला स्वानंदनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं ढाल घासली. पोपट आंबिवलीहून जरीचा शर्ट घालून आला, हातात आपट्याची पानं. स्वानंदच्या आईनं, वासंतीबाईंनी, ढालीवर झेंडू वाहिला, कुंकू लावलं आणि चष्मा वर करून वाचलं.

"विजेते, आंबिवली... किलर्स? अरे, हे काय? तुमचं नाव कुठाय?"

"आम्ही जिंकलोच नव्हतो, आई. अण्णांना ठाऊक होतं."

वासंतीबाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं. "तरीच," त्या म्हणाल्या. "दरवर्षी रात्री म्हणायचे, यंदाही नाही बोलला गं. मला वाटायचं, तुझ्या लग्नाबद्दल चाललंय."

पोपटनं ढाल काखेत घेतली. "पुढच्या दसऱ्याला आणतो परत. फिरती आहे ना."

तो गेल्यावर स्वानंद हॉलमध्ये उभा राहिला. भिंतीवर ढालीच्या आकाराचा उजळ डाग होता आणि मधोमध खिळा.

"घातलं, अण्णा," तो म्हणाला.