शनिचरीनंतरचं पाणी

शैलाबाईंच्या अस्थींचं मडकं उज्जैनच्या नानाखेड्यातल्या घरापुढच्या कडुलिंबाला टांगलेलं होतं, आणि ते कुठल्या नदीत रिकामं करायचं यावरून बापलेकात जुंपली होती.

बाप सुधाकरराव, बँकेतून रिटायर झालेले. लेक सौरभ अमेरिकेत, पोर्टलंडला. त्या शहरातूनही नदी जाते, विलामेट. आल्यापासून सौरभने तिचंच पुराण लावलं होतं. काठावरचा हायवे उखडून लोकांनी तिथे बाग केली. गटारं नदीत पडायची, ती जमिनीखालच्या मोठ्या नळात वळवली. आता उन्हाळ्यात ऑफिसातली माणसं जेवणाच्या सुट्टीत पोहून येतात. एक पूल तर असा, की त्यावर मोटारीला बंदी. सायकल, ट्राम, बस आणि पायी माणूस. शहरातच एवढं जंगल, की आत शिरलं की गाव विसरावं.

सुधाकररावांनीही ते पाहिलं होतं. काठावर तंबूत झोपणारी माणसं पाहिली होती, कारखान्यांनी तळ नासवलाय, इथले मासे खाऊ नका, ही पाटीही पाहिली होती. ती त्यांनी सौरभच्या तोंडावर मारली. सौरभ म्हणाला, तिथे पाटी तरी लावतात.

खरं होतं, म्हणून झोंबलं. त्याहून झोंबत होती शैलाबाईंची आठवण. दोन वर्षांपूर्वी त्या तिथल्या लाकडी धक्क्यावर पाणी ढवळत बसल्या होत्या. "अहो, पायाची बोटं दिसताहेत हो," म्हणाल्या होत्या, आणि दुपारभर उठल्याच नाहीत.

"बाबा, सगळी नको, पण अर्धी आई मला द्या," सौरभ म्हणाला.

"आईचे तुकडे पाडतोस? ती क्षिप्रेची आहे. सगळी इथेच जाईल."

पुढचा हिशेबही त्यांनी पक्का बसवला होता. क्षिप्रेला स्वतःचं पाणी उरलेलं नाही, हे उज्जैनचं पोरही सांगेल. पर्व आलं की नर्मदेचं आणून सोडतात. शनिवारी शनिचरी अमावस्या, म्हणजे रविवारी त्रिवेणी घाटावर पाणी ताजं. सबंध कॉलनीला त्यांनी हे ऐकवलं, कुणी हटकलं नाही. जन्म उज्जैनात गेला, पण शनिचरीला लोक काय करतात तेवढंच नेमकं डोक्यातून निसटलं. आंघोळ करायची, अंगावरचे कपडे आणि पायातल्या चपला तिथेच टाकायच्या, आपली पनौती, शनीची पीडा, तिथे सोडून नवे कपडे घालून घरी जायचं. पनौती सोडायची कुणाच्या पदरात? जिला आई म्हणतो तिच्या. वर संध्याकाळी तिचीच आरती. थू आपल्या भक्तीवर.

रविवारी पाणी गुडघ्याएवढं होतं, आणि काळं. नाल्याचं पाणी येऊन मिळालं होतं. त्यात पँटी, परकर, चपला, बनियनी. सौरभने बापाचा दंड धरला, परत जाऊ म्हणाला. गुरुजी मंत्र म्हणू लागले होते. सुधाकररावांनी हात सोडवून घेतला आणि मडकं उलटं केलं.

राख वाहिली नाही. पाण्यावर तिची पांढरी साय धरली. हाडं बुडाली आणि तळाशी पसरलेल्या कुणाच्या तरी चौकड्याच्या शर्टावर जाऊन बसली. गुरुजींनी रिकामं मडकं पायरीवर फोडलं, रीतच ती.

"बाबूजी, हाथ से ढकेल दो, चली जाएगी," ते म्हणाले.

सुधाकरराव पाण्यात उतरले. ढकललं, तर शर्टाची बाही हाताला गुंडाळली गेली आणि सगळं गढूळ झालं. मग ते ढकलायचे थांबले आणि वेचायला लागले. "सौरभ, रुमाल धर. घेऊन जा हिला. सगळी ने." हाताला बटण आलं, चपलेचा पट्टा आला, मग एक हाड आलं. ते त्यांनी वर धरलं. "ही आईच ना रे?"

"बाबा, इथे सगळ्यांचीच आहेत."

घाट साफ करायला ट्रॅक्टर आला होता. माणसं लांब दाताळ्यांनी कपडे ओढून ट्रॉलीत फेकत होती. चौकड्याचा शर्टही निघाला, निथळत, राखेने माखलेला. सुधाकररावांनी विचारलं, हे कुठे नेता.

"जहाँ सबका कचरा जाता है, बाबूजी. हटिए जरा."

ते हटले. सौरभने रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. कोरडाच होता.