उस्तादांचा राहिलेला पेपर

"पाच कमी आणि पाच जास्त, दोन्ही सारखंच? कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?" बाबांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

बाबा म्हणजे माझे सासरे. मी शाळेत आठवीला गणित शिकवते, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आतच हा एक्कावन्न वर्षांचा विद्यार्थी माझ्या पदरात पडला. पुस्तकात दोन उभ्या रेघांमध्ये उणे पाच लिहून उत्तर दिलं होतं पाच. त्याखाली नुसत्या पाचाचंही उत्तर पाच. केवलमूल्य. बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"अगं, दांडा पाच शतांश जास्त राहिला तर परत मशीनवर चढवतो, कातून काढतो. पाच कमी झाला की भंगार! कातलेलं लोखंड परत चिकटवता येतं का?"

"अहो, पोरीवर कशाला ओरडताय?" आतून सासूबाई म्हणाल्या. "पुस्तक तिनं थोडंच लिहिलंय?"

तेहेतीस वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाशी वाद घालायला मला भीतीच वाटायची. कारखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पण आता गुडघ्यांनी दगा दिला होता. आठ तास उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बसून करण्यासारखी दोनच कामं होती. एक, फाटकावर नोंदवही घेऊन बसायचं. दुसरं, नव्या कामगारांना लेथ शिकवायचं. पण त्या जागेला दहावी पास लागत होती. बाकी सगळे विषय सुटले होते, गणितानं मात्र बाबांना तीनदा घरी पाठवलं होतं. ती जागा भरायच्या आधी ही एकच परीक्षा उरली होती. "मला फाटकावर बसू देऊ नकोस," असं ते मला एकदाच म्हणाले होते. तेव्हापासून रोज रात्री मी त्यांच्यासमोर पुस्तक उघडून बसत होते.

"बाबा," मी धीर करून विचारलं, "दांडा तपासताना आधी काय बघता? मापाचा काटा कुठल्या बाजूला गेला ते, की किती गेला ते?"

"किती गेला ते. पाचाच्या आत असेल तर पास. बाहेर गेला, तरच बाजू बघायची. दुरुस्ती की भंगार, ते मग ठरतं."

"मग या दोन रेघा तेवढंच विचारतायत. किती हुकलं? बाजू नंतर."

बाबांनी पेन्सिल उचलून खालची आठ उदाहरणं एका दमात सोडवली. आठही बरोबर. "सोनारानंच कान टोचावे लागतात," सासूबाई दारात येऊन म्हणाल्या. "पोटच्या मुलानं सांगितलं तेव्हा ऐकलं नाही ते!"

खरी दमछाक झाली ती घातांकांत. उणे तीन कंसात घालून वर्ग केला तर नऊ, कंस नसला तर उणे नऊ. बाबा दोन्हीकडे नऊ लिहायचे. मी चार दिवस चार तऱ्हांनी सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी वैतागून म्हणाले, "नियमच आहे तसा, बाबा!"

"नियम कुणी उगाच करत नाही," ते म्हणाले आणि वहीकडे बघत बसले. चहा निवला. एकदम त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं पुढे करून माझी पेन्सिल पकडली.

"हा लेथचा चक. तीन जबडे. जबड्यात जे धरलंय, तेच फिरणार आणि कातायचं टूल त्यालाच लागणार. कंस म्हणजे जबडे! कंस असला की चिन्हही आत, मग चिन्हासकट वर्ग. उणे गुणिले उणे, अधिक. कंस नसला, तर घात फक्त तीनला. चिन्ह बाहेर, जसंच्या तसं. उणे नऊ! बरोबर ना? सांग की!"

"बरोबर," मी म्हणाले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षं मी हे शिकवत होते, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तीन बोटांत खडू धरून हेच सांगितलं. मागच्या बाकावरच्या मुलींनीही माना डोलावल्या.

निकाल लागला तेव्हा बाबांना गणितात सत्तावन्न गुण होते. गुणपत्रिका त्यांनी चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून वाचली, मग सासूबाईंकडून मोठ्यानं वाचून घेतली. मला म्हणाले, "उद्या जरा कारखान्यात ये."

मी गेले. पंधरा लेथ एका वेळी फिरत होते, कानठळ्या बसत होत्या. बाबांनी हात वर केला आणि एकेक मशीन थांबलं. कातणं मध्येच थांबवलं तर दांड्यावर ओरखडा राहतो, म्हणून हेच उस्ताद इतकी वर्षं पोरांना धारेवर धरत आले होते. त्या दिवशी पंधरा दांड्यांवर ओरखडे पडले, आणि त्यांनी एकाकडेही वळून पाहिलं नाही.

"या माझ्या बाई," ते म्हणाले. "गणिताच्या."

घरी मला 'अगं' म्हणणारे बाबा. माणसं तेलकट हात चिंध्यांना पुसत उभी राहिली. कुणीतरी दोन स्टुलं आणून ठेवली. मी म्हटलं, "बाबा, बसा ना, गुडघे दुखतील."

"आधी तुम्ही," बाबा म्हणाले.

मी बसले. मग ते बसले.