फोटोखालची ओळ

निःस्वार्थ सेवेला साक्षीदार लागत नाही, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. माझ्या धाकट्या बहिणीने अशा सेवेचे अकरा हजार फोटो काढले, आणि त्यांतल्या दहा हजारांत सेवा करणारी माणसं कॅमेऱ्याकडे बघून केस सारखे करताहेत. उरलेल्या हजारांतून तिला पुस्तक काढायचं होतं.

बहिणीला घरात ठमी म्हणतात. वय सत्तेचाळीस, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. फुकट काम करायला तयार असलेल्या माणसांना परदेशी पाठवणारी एक संस्था आहे, तिच्यासाठी ठमी बरीच वर्षं फोटो काढते. संस्थेला त्या दहा हजारांतले फोटो लागतात: अहवालात, भिंतीवर, देणगीच्या पाकिटावर. बाकीचे ठमीच्या कपाटात साठत गेले, आणि प्रत्येकाखाली तिने एकेक ओळ लिहून ठेवली.

एक फोटो प्लंबरचा. कुठल्याशा परक्या माळावर तो उलट्या पिंपावर बसलाय, हातात पाना, समोर काही नाही. खाली ओळ: ‘प्लंबर. पाइप अजून आलेले नाहीत.’ दुसरा दंतवैद्याचा: ‘वीज नाही. पेशंटच्या खुर्चीत डॉक्टर झोपले आहेत.’ तिसरा गणिताच्या निवृत्त सरांचा, फळ्यासमोर हात पसरून उभे असलेले: ‘सरांना वर्गाची भाषा येत नाही, वर्गाला सरांची. तास चालू आहे.’

प्रकाशकांनी फोटो पाहिले, चहा पाजला आणि परत दिले. एकाने विचारलं, यात सेवा कुठे आहे? ठमी म्हणाली, हीच. मग तिने इंटरनेटवर लोकांकडून पैसे जमवायचं ठरवलं. तिने आईला ती सगळी आधुनिक पद्धत अर्धा तास समजावून सांगितली. आई म्हणाली, “म्हणजे वर्गणीच की,” आणि तिने नातेवाइकांना फोन लावायला घेतले.

अट अशी होती की दीड महिन्यात ठरलेली सगळी रक्कम जमली तर पुस्तक, नाहीतर आलेला पैसान् पैसा ज्याचा त्याला परत. आवाहन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन पानं लिहिली. ठमीने त्यातली विशेषणं काढली, मग वाक्यं काढली, आणि शेवटी उरलं ते असं: ‘चांगलं काम करायला गेलेली माणसंही वाट बघतात, चुकतात, झोपतात. मी पाहिलंय. पुस्तक हवं असेल तर पैसे भरा.’

“याला आवाहन म्हणत नाहीत,” मी म्हटलं. “ही दटावणी झाली.”

“मग दटावून बघू.”

लोक काही दटावले गेले नाहीत. मुदत निम्मी संपली तेव्हा रक्कम तिसऱ्या हिश्शावर रेंगाळत होती, आणि त्यातली बरीचशी आईच्या धाकाने आलेली होती. पुस्तक झालं नाही तर हे फोटो आपण पुन्हा बाहेर काढणार नाही, संस्थेला हवे तसे हसरे चेहरे काढत राहू, असं ठमीने मला भाजी निवडता निवडता सांगितलं. ठमी एरवी भाजीच्या वाटेला जात नाही. प्रकरण गंभीर होतं.

अशात संस्थेच्या अध्यक्षांचं बोलावणं आलं. सोबत म्हणून मीही गेलो. बाहेरच्या खोलीत काचेचं टेबल, त्यावर जुने अहवाल, भिंतीवर ठमीनेच काढलेली हसरी तोंडं. आत अध्यक्षांनी स्वतः उठून खुर्च्या सरकवल्या, तेव्हाच मला संशय आला. ते म्हणाले, पुस्तक झालंच पाहिजे. कमी पडेल तेवढ्या सगळ्या रकमेच्या प्रती संस्था घेईल, उद्याच्या उद्या. फोटो एकही बदलायला नको. फक्त खालच्या ओळी जराशा भारदस्त हव्यात. त्यांनी त्या तयारही करून घेतल्या होत्या, आणि चष्मा लावून वाचून दाखवल्या.

प्लंबरखाली: ‘तहानलेल्यांच्या सेवेत.’ दंतवैद्याखाली: ‘अथक परिश्रमांनंतर क्षणभर विसावा.’ सरांच्या ओळीवर त्यांचा स्वतःचा आवाज जड झाला. “ज्ञानाला भाषा नसते.”

“ज्ञानाला नसेल,” ठमी म्हणाली. “सरांना होती.”

अध्यक्ष हसले. हसण्याची त्यांना सवय आहे. मग त्यांनी तिला वडिलकीच्या नात्याने समजावलं, की ताई, तुम्ही कलावंत, पण ज्यांचे फोटो आहेत त्या बिचाऱ्यांचा विचार करा. आपण रिकामे बसलो होतो हे छापून आलेलं कुणाला आवडेल?

“त्यांनाच विचारा,” ठमी म्हणाली. “ओळ मात्र मी बदलणार नाही. हवं तर पाइप वेळेवर पाठवा, मी परत जाऊन नवा फोटो काढते.”

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, अगं, हातातोंडाशी आलेला घास. ती म्हणाली, दादा, तू गप्प बस, नाहीतर तुझाही फोटो काढीन. मी नकळत केस सारखे केले.

अध्यक्षांनी खरंच विचारलं. प्रत्येक स्वयंसेवकाला त्यांनी त्याचा फोटो पाठवला, खाली ठमीची ओळ आणि संस्थेची ओळ, आणि आपली पसंती कळवावी अशी विनंती. आपल्याला काय उत्तर येणार याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. असा माणूस नेहमी अशा वेळीच लोकमत अजमावतो.

दोन दिवसांनी प्लंबर आमच्या दारात उभा. फोटोत होता त्याहून जाड, आणि तोंड असं की आईने त्याला आधी पाणी दिलं. मला वाटलं, भांडायला आलाय. तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि मोबाइल काढून ठमीपुढे धरला.

“हे तहानलेल्यांचं कुणी लिहिलं?”

मी नाही, असं ठमीने सांगितलं.

“माझ्या हातून तिथे एक थेंब पाणी निघालं नाही हो. रोज सकाळी पाना घेऊन जायचो आणि पिंपावर बसायचो. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणते, फुकटची सहल करून आलात आणि वर तोंड करून रडताय. मेहुणे अजून हसतात. सहल! पिंपावर बसून कुणी सहल करतं का?” त्याने फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं. “काम येत असून बसून राहणं काय असतं, ते ह्या तुमच्या ओळीत आहे. तेवढी राहू द्या. अगदी आहे तश्शी.”

ठमीने भाजी निवडायला घेतली नाही, हे मी पाहिलं.

प्लंबरने त्याच बैठकीत दंतवैद्याला फोन लावला, दंतवैद्याने सरांना. आठवडाभरात अध्यक्षांकडे बत्तीस उत्तरं गेली, मथितार्थ एकच: ओळी ठमीच्या राहतील, नसतील तर आमचे फोटो पुस्तकातून काढा, आणि तुमच्या भिंतीवरूनही काढा. सरांनी वर एक टीप जोडली होती की वर्गाने त्यांना शेवटी दहापर्यंत मोजायला शिकवलं, त्याचाही उल्लेख व्हावा.

मग पैसे आले. स्वयंसेवकांनी भरले ते भरलेच, पण खरी धाव घेतली त्यांच्या नातेवाइकांनी. ज्या माणसाच्या सेवेच्या गोष्टी ऐकून वर्षानुवर्षं कान किटले, तो खुर्चीत घोरताना छापून येतोय म्हटल्यावर कुणीही हात आखडता घेतला नाही. प्लंबरच्या मेहुण्यांनी तीन प्रती नोंदवल्या. मुदतीला दोन दिवस असताना रक्कम पुरी झाली, आणि आईने उरलेल्या नातेवाइकांना अभय दिलं.

पुस्तक छापून आलं. ओळी जशाच्या तशा, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. प्रकाशनाला अध्यक्षही आले. त्यांनी चष्मा न लावताच पानं उलटली, फोटो न्याहाळले, मला बाजूला घेऊन म्हणाले की शेवटी ताईंनी ऐकलं म्हणायचं, किती भारदस्त झालंय, आणि पदरचे पैसे देऊन वीस प्रती घेऊन गेले. हल्ली त्या प्रती संस्थेच्या बाहेरच्या खोलीत, काचेच्या टेबलावर असतात.

यंदा परदेशी जाण्यासाठी संस्थेकडे दुप्पट अर्ज आले आहेत.