घड्याळजीच्या डोक्यातला चुंबक

लोहचुंबकाशी घड्याळजीचं वैर जुनं. चुंबक लागला की घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ असं पळत सुटतं, की मालक तासभर आधीच जेवायला बसतो. एकदा एक बाई चुंबकाच्या बटणाची पर्स घेऊन आल्या, तर यानं त्यांना पायरीवरच उभं केलं आणि घड्याळ खिडकीतून घेतलं. घरच्या फ्रिजवरही काही चिकटवायची सोय नव्हती.

अशा माणसाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात ओंडक्यासारखा मांडीवर पडून राहिला, आणि तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता डोक्याला चुंबक लावून बघू.

बायकोनं त्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. तिथल्या व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओबाईंनी नीट समजावलं: आठच्या आकड्यासारखं वेटोळं डोक्याशी धरायचं, त्याचे क्षणभराचे ठोके कवटीच्या आत पोचतात आणि हाताचा कारभार पाहणारा मेंदूचा भाग जरा जागा होतो. लगेच पुढे तासभर हाताचा व्यायाम. "चुंबक नुसतं दार वाजवतो, काका. उठून काम तुम्हालाच करायचंय."

टक, टक, टक झालं आणि मेल्यासारखा पडलेला अंगठा टुणकन उडाला. बायकोचे डोळे भरून आले. घड्याळजीला मात्र दरदरून घाम फुटला.

तरी तो रोज गेला. चेंडू दाबला, खुंट्या उचलून भोकांत बसवल्या, फिजिओबाईंची बोलणी खाल्ली. महिन्याभरात बोटं वळू लागली. पण दुकानाची पायरी काही तो चढेना. शेजारच्या चपलावाल्याला त्यानं गंभीरपणे सांगितलं, की आपण रस्त्यानं निघालो की खिळे मागे लागतात, कालच एका सायकलीनं पाठलाग केला. चपलावाला हसला. घड्याळजी हसला नाही. खिळ्यांचं सोडा, पण आपला हात लागला की हातातलं घड्याळ बिघडणार, याबद्दल त्याची खात्रीच होती.

शेवटी एका दुपारी त्यानं पुरावा काढला. घड्याळात चुंबक शिरलाय का, हे बघायचं नखाएवढं होकायंत्र त्यानं घरातल्या टेबलावर ठेवलं. सुई स्पष्ट दिसावी म्हणून डाव्या हातानं डोळ्यावर भिंग चढवलं आणि डोकं खाली आणलं. सुई गर्रकन त्याच्या कपाळाकडे वळली.

"उद्यापासून दवाखाना बंद," तो बायकोला म्हणाला. "हात आला आणि धंदा गेला, तर तो हात घेऊन मी काय करू?"

ती वाकली. आधी सुईकडे बघितलं, मग बराच वेळ त्याच्याकडे.

"अहो, ते भिंग डोक्याला कशानं बसवलंय?"

पोलादी तारेनं. चाळीस वर्षं डोक्याला कवटाळून बसलेली तार. ती आपल्या अंगाची नाही, हेच तो विसरला होता. बायकोनं भिंग काढून लांब पलंगावर ठेवलं आणि त्याचं डोकं धरून पुन्हा खाली दाबलं. सुई ढिम्म. मग डावा कान, उजवा कान, टाळू, हनुवटी, सगळं तपासून झालं. सुईनं उत्तर सोडली नाही.

"काही नाही आत," ती म्हणाली. "चुंबक नाही, आणि दुसरंही काही नाही."

घड्याळजी इतका हसला, की खुर्चीवरून घसरला, आणि सावरायला टेबलाची कड त्यानं धरली ती उजव्या हातानं. हे दोघांच्याही लक्षात जरा उशिरा आलं.

दवाखाना चालूच राहिला. दुकानही उघडलं. झटका आला त्या दिवशी उघडं राहिलेलं एक घड्याळ काचेच्या झाकणाखाली तसंच होतं. घड्याळजीनं उजव्या हातात चिमटा घेतला. पहिला स्क्रू उडून कपाटाखाली गेला. दुसरा कुठे गेला ते अजून कळलेलं नाही. बायको हातात बॅटरी घेऊन जमिनीवर ओणवी झाली होती, ती तशीच थांबली. तिसरा स्क्रू चिमट्यात थरथरला, भोकाभोवती घिरट्या घालत राहिला, आणि बसला.

"अहो, श्वास घ्या," ती जमिनीवरूनच म्हणाली.

"आधी तू घे," तो म्हणाला.