पाठीमागून वाजलेला खुळखुळा

मी एक जुना खुळखुळा आहे. संखेड्याचा, लाकडी, अंगावर लाखेचा तांबडा-सोनेरी रंग आणि पोटात खडे. मित्रांनो, तरुणपणी माझा आवाज असा होता, की मला हलवलं की बडोद्याच्या सुरसागर तलावातले मासे वर येऊन बघायचे, कोण वाजतंय ते. खोटं वाटत असेल तर माशांना विचारा.

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी कुणालला वाढवलं. त्याची आई, वसुंधराबाई, मला हलवायची आणि तो रडणं विसरायचा. पुढे त्याला सायकल मिळाली आणि मला माळ्यावरचा डबा. झुरळांना मी रोज माशांची गोष्ट सांगायचो. तीही कंटाळली.

मग कुणाल रेल्वेच्या कारखान्यात लागला, त्याचं अवंतीशी लग्न झालं आणि समरजित जन्मला. मला पुसून बाहेर काढलं. मी जीव तोडून वाजलो. समोर धरलं की पोर हसायचं, हात पुढे करायचं. पाठीमागून वाजवलं तर ढिम्म. मला वाटलं, संपलं. माझे खडे झिजले.

अवंतीला वेगळीच शंका होती. नऊ महिने होत आले तरी पोर बा-बा, दा-दा करत नव्हतं, हाक मारली तरी वळत नव्हतं.

"आई, याला ऐकू येत नसेल का हो?"

"येतं की. इंजिन गेलं की कसा दचकतो, बघतेस ना? आणि आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात. याचे आजोबा चार वर्षं मुके होते. मग तोंड उघडलं ते सुरत ते अहमदाबाद सगळी स्टेशनं घडाघडा म्हणाले. वर गाडी लेट असल्याचंही सांगितलं."

मी स्वतः थापाड्या, त्यामुळे दुसऱ्याची थाप मला वासावरून कळते. पण इंजिनाचं खरं होतं.

नवरात्रात ती माहेरी गोत्रीला गेली. पिशवीत मीही होतो. सोसायटीच्या आरतीत शेजारच्या नयनाबेननी समरजितच्या कानाशीच घंटा वाजवली. बाकीची पोरं रडायला लागली. हा आईच्या खांद्यावर अंगठा चोखत राहिला.

"केटलो डाह्यो दीकरो," नयनाबेन म्हणाल्या. किती शहाणा मुलगा. अवंतीचा चेहरा उतरला.

दुसऱ्याच दिवशी ती परत आली. समरजित चटईवर होता. इंजिन आलं, तो दचकला. अवंतीने फरशीवर हात ठेवला. फरशी थरथरत होती. पुढचं इंजिन आलं तेव्हा तिने त्याला कडेवर घेतलं. इंजिन शिट्टी देत गेलं, पोर तिच्या मंगळसूत्राशी खेळत राहिलं.

"आई, त्याला इंजिन ऐकू येत नाही. फरशी हलते ते कळतं."

वसुंधराबाईंनी मला उचललं. त्याच्या पाठीमागे हलवलं. पुन्हा हलवलं. मग मला मांडीवर ठेवून म्हणाल्या, "सकाळीच दवाखान्यात जाऊ. मी पण येते."

तिथेही घाबरून त्यांनी स्टेशनांची गोष्ट सुरू केलीच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, गोष्ट छान आहे. आधी याचे कान तपासू, मग पुढची ऐकते."

पोराला झोपवून, डोक्याला बारीक तारा लावून तपासणी झाली. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं.

"माझं काही चुकलं का?" अवंतीने विचारलं.

"नाही. शंका आली आणि आलात, हेच बरोबर केलंत. थांबला असतात तर बोलणं आणखी मागे पडलं असतं."

मग चिमुकली कानाची मशीनं आली. घरी अवंतीने पाठीमागून मला हलवलं. समरजितचे हात थांबले. तो वळला आणि माझ्याकडे बघतच राहिला. माझे खडे शाबूत होते, मित्रांनो.

आता त्याला बोलायला शिकवायला दर आठवड्याला जावं लागतं. काम बऱ्याच दिवसांचं आहे. परवा तो "बबब" म्हणाला. वसुंधराबाई सगळ्या क्वार्टरमध्ये सांगत फिरल्या, पोर "बडोदा" म्हणालं. एवढी थाप चालते.

इतर जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. समरजित दिवसभर मला फरशीवर आपटतो, कान देतो आणि पुन्हा आपटतो. माझी लाख उडाली, एक चीरही गेली.

"फुटेल गं तो," वसुंधराबाई म्हणतात.

"फुटू दे, आई," अवंती म्हणते.

तुमच्या घरी लहान बाळ असेल, तर त्याला एकदा पाठीमागून हाक मारून बघा. वळलं नाही तर मोठ्यांना लगेच सांगा. ते गोष्ट सांगायला लागले, तर गोष्ट दवाखान्याच्या वाटेवर ऐका.