ओरेस्तेचा दम

ओरेस्ते झानेल्ला पहिल्यांदा आमच्या दारात आला तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी नुकतीच झाली होती, आणि रेफरी कोण आहे एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

"रोज दुपारी मी झोपतो आणि रोज शिट्टी होते," तो म्हणाला. "शिट्टी झाली की माझा हात वर जातो. ऑफसाइड मागायला. खांदा दुखायला लागलाय."

सव्वासहा फूट उंच माणूस, पायजम्यात. आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. संजीवनं त्याला आत बोलावून कुकर दाखवला. त्यानं कुकरकडे बराच वेळ आदरानं पाहिलं आणि मग वरणभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी तो शिट्टीच्या आधीच आला.

हे सगळं अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं, त्र्याऐंशी सालचं. संजीव आणि मी एका अपार्टमेंटमध्ये, समोर शीला मेश्राम. संजीव पुण्याचा, फिजिक्समध्ये पीएचडी करत होता आणि कशाचंही थिअरीतलं उत्तर द्यायचा. शीला नागपूरची. स्टॅटिस्टिक्सला यायच्या आधी ती युनिव्हर्सिटीच्या कबड्डी टीमची कॅप्टन होती, आणि आम्हाला अजून टीममधले राखीव खेळाडू समजायची. मी काँक्रीटला तडे का जातात यावर संशोधन करत होतो. तडे जात होते, संशोधन पुढे जात नव्हतं.

ओरेस्ते व्यावसायिक गोलकीपर होता. इटलीत तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये त्यानं बारा वर्षं काढली, सगळी बाकावर. पहिल्या गोलकीपरला काही होईल तर हा उतरणार. "त्याला कधी सर्दीसुद्धा झाली नाही," ओरेस्ते सांगायचा. "अमानुष माणूस." एकदा त्या अमानुष माणसाला गांधीलमाशी डोळ्यावर चावली आणि ओरेस्तेला खेळायला मिळालं. डोळा अर्ध्या तासात उघडला. ही त्याची इटलीतली कारकीर्द.

मग अमेरिका. आमच्या शेजारच्या गावात 'माउंटन गोट्स' नावाचा क्लब होता. मालक गाद्यांचा व्यापारी. चपला आणि गोलकीपर इटलीचेच घ्यावेत असं त्याचं मत होतं. ओरेस्ते आल्या दिवसापासून पहिला गोलकीपर झाला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी.

अडचण एकच होती. आमच्या त्या लीगमध्ये मॅच बरोबरीत सुटू द्यायचे नाहीत. बरोबरी झाली की शूटआउट. पेनल्टी नव्हे, समोरच्यानं पस्तीस यार्डांवरून बॉल घेऊन धावत यायचं, पाच सेकंदांत गोल मारायचा, आणि गोलकीपरनं वाटेल तेवढं पुढे यावं. ओरेस्ते मॅचमध्ये भिंत होता. शूटआउटमध्ये मात्र समोरचा नुसता खांदा हलवायचा आणि हा आडवा. मग तो माणूस सावकाश याला वळसा घालून गोल मारायचा. एकानं तर जाताना 'सॉरी' म्हटलं.

"शनिवारी शेवटची होम मॅच," एक दिवस तो ताटातला भात न कालवता म्हणाला. "पुन्हा शूटआउट हरलो तर कोच मला घरी पाठवणार. इटलीत फेर्रारा गावात मेव्हण्याचं फरश्यांचं दुकान आहे. तो वाट बघतोय."

"फरश्या वाईट नाहीत, यार," संजीव म्हणाला.

"मी गोलकीपर आहे," ओरेस्ते म्हणाला. मी माणूस आहे, हे जसं सांगतात तसं.

त्याच संध्याकाळी शीलानं त्याला मागच्या मैदानावर नेलं. मला बॉल दिला. मी आयुष्यात फुटबॉल खेळलो नव्हतो. मी बॉलजवळ पोचायच्या आत ओरेस्ते डावीकडे झेपावून पडला होता.

"काहून पडते हा आधीच?" शीलानं मला विचारलं, आणि मग त्याला इंग्रजीतून.

ओरेस्तेनं पडल्यापडल्याच विचार केला. "बारा वर्षं वाट पाहिलीये," तो म्हणाला. "आता बघवत नाही."

संजीवनं त्याला बिस्किट दिलं.

"याला दम द्यावा लागते," शीला म्हणाली. "भाऊ, ऐका. एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत समोरच्याच्या अंगावर जायचं. दम चालू आहे तोवर तुम्ही जिवंत. आणि जिवंत माणूस पडत नाही. शेवटी बॉल घ्यायचा, आणि दम न तोडता आपल्या लाइनला परत यायचं."

"पण थिअरीत हे चूक आहे," संजीव म्हणाला. "म्हणत येतो तो चढाई करणारा. गोलकीपर बचावातला. शिवाय कबड्डी कशाला? आमच्याकडे हुतूतू म्हणायचे."

"तुमच्याकडे जिंकायचे का?"

ओरेस्तेनं दोन्ही म्हणून पाहिलं. 'कबड्डी'तल्या 'ड्डी'पाशी त्याचा दम अडकायचा. 'हुतूतू' मात्र त्याच्या तोंडातून असं घरंगळत निघालं की जणू तो सदाशिव पेठेत जन्मला होता. संजीवनं हा पुण्याचा विजय मानला आणि शीलाला दोन दिवस तसं सांगितलं.

फॉरवर्ड मीच, कारण बाकी दोघांना मार्गदर्शन करायचं होतं. सव्वासहा फुटी इटालियन हातमोजे पसरून 'हुतूतूतूतू' करत अंगावर येतो तेव्हा काय वाटतं ते मी सांगू शकतो. सुरुवातीला मी बॉल तिथेच ठेवून पळत होतो. शीलाला हे शुभलक्षण वाटलं. शेजारच्या बाईंना वाटलं नाही. त्यांनी पोलीस बोलावला. पोलीस थोडा वेळ बघत राहिला.

"हे धार्मिक आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही," संजीव म्हणाला. "पण नियम आहेत."

पोलीस थांबला आणि त्यानंही दोनदा बॉल मारून पाहिला. दोन्ही अडले.

शनिवारी मॅच एक-एक अशी बरोबरीत सुटली. प्रेक्षक बऱ्यापैकी होते, कारण मालकानं तिकिटावर उशी फुकट ठेवली होती. आम्ही तिघं उशा घेऊन गोलच्या मागे उभे राहिलो.

पाहुण्यांचा पहिला खेळाडू बॉल घेऊन निघाला. ओरेस्ते समोरून निघाला. "हुतूतूतूतूतू..." खेळाडू थांबला. त्यानं आधी ओरेस्तेकडे, मग रेफरीकडे पाहिलं, आणि पाच सेकंदं संपली.

रेफरी तावातावानं आला. "काय म्हणतोयस तू?"

ओरेस्तेला उत्तर देता येईना. तो अजून लाइनला पोचला नव्हता. तो रेफरीच्या तोंडावर हुतूतू म्हणत उलट्या पावलांनी मागे गेला, लाइनवर पाय ठेवला आणि मोठा श्वास घेतला. "श्वास धरतोय," तो म्हणाला.

"शिवी आहे का ही?"

"सर, हा एक खेळ आहे!" संजीव गोलमागून ओरडला.

"इथंही एक चालू आहे," रेफरी म्हणाला. पण श्वास धरण्याविरुद्ध नियम त्याला आठवेना, म्हणून त्यानं पुढच्याला बोलावलं.

त्यानंतर दोघांनी गोल मारले, एकानं घाबरून बॉल थेट आमच्या उशांच्या दिशेनं मारला. गोट्सचे मात्र तीन गोल झाले. पाहुण्यांचा शेवटचा खेळाडू उरला. यानं चुकवलं की गोट्स जिंकणार. तो त्यांचा कॅप्टन, हाइन्झ नावाचा शांत जर्मन. त्यानं सगळं नीट पाहून ठेवलं होतं. तो धावत आला आणि ओरेस्तेच्या समोर बॉलवर पाय ठेवून चक्क उभा राहिला. हा आपोआप पडेल, मग जाऊ, असा त्याचा हिशेब.

"हुतूतूतूतू..."

हाइन्झनं डावा खांदा हलवला. ओरेस्ते उभा. उजवा हलवला. ओरेस्ते उभा. त्याची पडायची सगळी तयारी झालेली दिसत होती, पण दम चालू होता. माझ्या शेजारी शीलानंही श्वास धरला होता आणि माझं मनगट धरलं होतं. मनगट अजून थोडं वाकडं आहे.

वेळ संपत आली तशी हाइन्झला घाई झाली. त्यानं बॉल हाणला. तो सरळ ओरेस्तेच्या पोटात. आणि मग ओरेस्ते पडला. बॉलवर.

रेफरीची शिट्टी झाली. सगळी टीम त्याच्या अंगावर पडली. त्या ढिगाऱ्याखालून 'तूतूतू' ऐकू येत होतं. मग ढिगारा उठला आणि चालू लागला. चेहरा वांग्याच्या रंगाचा, काखेत बॉल, पाठीवर दोन डिफेंडर, कमरेला एक, असा ओरेस्ते लाइनकडे निघाला. कुणालाच कळेना तो थांबत का नाही. स्टँडमधली पोरं हुतूतू ओरडायला लागली. संजीव मागे वळून त्यांना पहिला उकार ऱ्हस्व आहे म्हणून बजावत होता.

ओरेस्तेनं लाइनवर पाय टेकवला आणि श्वास घेतला. तो आवाज मालकापर्यंत गेला.

कोच आला. तो कमी बोलायचा. त्यानं डिफेंडर उतरवले आणि ओरेस्तेची कॉलर नीट केली. "मंगळवारी प्रॅक्टिस," तो म्हणाला. "पुढच्या सीझनची टीम तुझ्यामागे... म्हणजे तुझ्यापुढे उभी करायचीये."

ओरेस्तेनं मान हलवली. मग तो जाळीपाशी आमच्याकडे आला. बोलायला गेला, पण बोलता येईना, आणि या वेळी ते दमामुळे नव्हतं.

शीलानं डोळे पुसले.

"परत येताना मान खाली होती, भाऊ," ती म्हणाली. "उद्या दाखवते."