ठिपक्यांची परीक्षा

सूनबाईने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला तेव्हाच मी ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

"बाबा, हे ठिपके डावीकडे जाऊन राहिले की उजवीकडे, तेवढं बटन दाबून सांगा. माझ्या संशोधनाले साठीच्या वरचे लोक पाहिजेत."

अनुश्री मेंदूवर काम करते. पण अख्ख्या मोहल्ल्यात तिला म्हातारा मीच सापडलो? माझे हात मंदावले असं कागदावर आणायचं आणि स्कूटर काढून घ्यायची, हा डाव न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. मग नातीला, ओवीला, शाळेत कोण सोडणार, रिक्षावाला? ती दहा मिनिटं माझ्या दिवसातली सगळ्यात चांगली असतात.

छत्तीस वर्षं मी रेल्वेचं इंजिन चालवलं. सिग्नल दिसला की बोट दाखवून मोठ्याने पुकारायचा, सहायकाने तेच परत म्हणायचं, आणि मगच पुढचं. इथेही तेच केलं. "डावा!" म्हणून बोट दाखवायचं, खात्री करायची, मग बटन. शंभरात एक चूक नाही.

"आता घाई करा. चुकलं तरी चालते."

"चुकलं तरी काहून चालते?" मी विचारलं. सापळाच तो! मी मुळीच घाई केली नाही.

शेवटी ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "बाबा, तुमची नजर पक्की आहे. मेंदू पुरावा जमवते, पुरेसा झाला की बोट हलवते. घाई असली की लोक थोड्या पुराव्यावर भागवतात. तुम्ही घाईतही पुकारूनच दाबून राहिले. इंजिनवर ठीक होतं, सिग्नल दुरून दिसे."

मी लॅपटॉप मागे सरकवला. "तुले स्कूटरची चाबी पाहिजे ना? सरळ माग!"

"चाबी?" ती बघतच राहिली. "स्कूटरचं काय झालं, बाबा?"

तिला खरंच काही माहीत नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर तिथेच मिटलं असतं. पण आता मला माझीच भीती वाटायला लागली होती.

"सोमवारी सदर बाजारात एक बाई आडवी आली. मले दिसली. आधी 'बाई!' म्हणून पुकारलं, मग ब्रेक दाबला. तिच्या पायाले चाक लागलं."

अनुश्रीने लॅपटॉप मिटला.

"स्कूटरवर माझ्या समोर ओवी उभी होती," मी म्हणालो. "आईले सांगू नको, असं मीच तिले बजावलं."